बासष्ट पिना

आमच्या कारखान्यातून स्प्रिंग बाहेर पडते तेव्हा ती बांधलेली असते. जाड लोखंडी डबा, त्यात दाबून बसवलेली स्प्रिंग, आणि डब्याच्या दोन बाजूंनी आरपार घातलेल्या दोन लाल पिना. त्या पिना आत आहेत तोवर ती स्प्रिंग नसते, लोखंडाचा ठोकळा असतो.

मोठ्या कारखान्यांत वाफेचे पाइप अशा स्प्रिंगांवर टांगतात. पाइप तापला की लांब होतो. त्याला सळईने घट्ट टांगलं तर त्याला हलता येत नाही, आणि हलता आलं नाही की तो कुठेतरी उघडतो, बहुतेक वेळा जोडावर. स्प्रिंग त्याचं वजनही पेलते आणि त्याला हलूही देते. डब्यावर एक पट्टी असते, पट्टीवर थंड आणि गरम अशा दोन खुणा, आणि एक काटा. लाइन तापली की काटा एका खुणेवरून दुसरीकडे सरकायला हवा. पिना काढायच्या राहिल्या तर काटा हलत नाही.

एवढं समजलं की पुढचं समजायला अवघड नाही. शहराबाहेरच्या एका रसायन कारखान्यात आमच्या एकतीस स्प्रिंगा लागल्या होत्या. त्यातल्या दोनच्या पिना तशाच राहिल्या. सगळ्या काढल्या, अशी सही माझी आहे.

मी कुकटपल्लीत काम करते, राहते अंबरपेठेत. आमचं घराणं मूळचं निजामाच्या राज्यातल्या मराठी मुलखातलं. पणजोबा इथे आले आणि राहिले. घरात मराठी, दुकानात तेलुगू, रस्त्यावर दख्खनी, आणि शाळेत फक्त इंग्रजी. वर्गात मराठी शब्द निघाला तर दंड. शाळेत मी दोनदाच बोलले असेन असं आई म्हणते. नोकरीतही तसंच चाललं होतं. ड्रॉइंगवर कोणी बोलायला लावत नाही.

टेस्ट बेंचवर चाचा होते. साठीला आलेले, मलकपेठेचे, डाव्या गुडघ्याला पट्टा. प्रत्येक स्प्रिंग बेंचवर दाबून, काटा थंड खुणेवर आला की ते पिना ठोकायचे. मला काम त्यांनी शिकवलं. शिकवताना सतत चिडवायचे.

“ये लोहा है, दबाए तो चूं तो बोलता. तुम वो बी नहीं बोलते.”

मी हसायचे. चारचौघांत ते मला मॅडम म्हणायचे आणि कोणी नसलं की बेटा.

त्यांची एक सवय होती. माल पेटीत भरताना ते चार पिना जास्तीच्या टाकायचे. मालाच्या यादीत त्या नसायच्या. साइटवर कधी लाइन पुन्हा बांधावी लागते, तेव्हा पिना सापडत नाहीत, माणसं सळईचे तुकडे घालतात, असं त्यांचं म्हणणं. “चार पिन में क्या जाता? वहाँ वाला दुआ देता.” कंपनीत हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

पिना काढायच्या दिवशी चाचा आणि मी कंपनीच्या गाडीतून सकाळी साइटवर गेलो. काम असं असतं: लाइन पाण्याने भरून तपासून झाली, पाणी काढलं, की एकेका स्प्रिंगच्या पिना काढायच्या, काढलेल्या पिना एका पोत्यात गोळा करायच्या आणि शेवटी मोजायच्या. एकतीस स्प्रिंगांच्या बासष्ट. पण मोजणी ही नंतरची गोष्ट. आधी इंजिनिअरने, म्हणजे मी, प्रत्येक स्प्रिंगपाशी जाऊन काटा पाहायचा, मग सही. कागदावर तसं छापलेलं आहे. तो कागद मीच टाइप केला होता.

पहिल्या मजल्याच्या स्प्रिंगांपर्यंत मी चढले. कमरेला आणि मांड्यांना सेफ्टी बेल्टचे पट्टे बांधावे लागतात. कुर्त्यावरून ते कसे दिसतात हे मला माहीत होतं. ते घट्ट करायला तिथला एक माणूस पुढे आला तेव्हा मी म्हटलं, मी करते, आणि मला ते नीट जमेना. शिडीच्या मध्यावर असताना खालून आवाज आला. “मेल्लगा अम्मा, स्प्रिंगु विरिगिपोतुंदि!” हळू गं अम्मा, स्प्रिंग मोडेल. चौघे-पाच जण हसले. मला तेलुगू येत नसेल असं त्यांना वाटलं असावं. किंवा येत असेल असंच वाटलं असावं.

मी वर गेले, अकरा काटे पाहिले, खाली आले. वरच्या मजल्यावर पुन्हा चढायचं होतं. मी पाणी पीत उभी राहिले.

चाचा वरच्या मजल्यावरही गेले. गुडघ्यामुळे त्यांना वेळ लागत होता. परत आले तेव्हा घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. म्हणाले, “सब निकाल दिया. वो हवा के डक्ट के पीछे दो है, वहाँ मेरा पाँव नहीं जाता. उनका आदमी गया है. बेटा, वो दो मैं नहीं देखा. तुम ऊपर जाको देख लो, तब साइन करो.”

जेवणाचा भोंगा झाला. ते हात धुवायला गेले. मी शिडीपाशी गेले. शिडीखाली तेच लोक डबे उघडून बसले होते. त्यांना उठवल्याशिवाय मला शिडीवर पाय ठेवता आला नसता. मी थोडा वेळ फोनकडे बघत उभी राहिले, आणि मग पोत्याकडे गेले. पिना मोजल्या. दोनदा मोजल्या. बासष्ट.

पुढचं मी कुणाला बरेच दिवस सांगितलं नाही. पिना काढताना त्यांच्यावरचा लाल रंग खरवडला जातो. डब्याच्या भोकातून घासत बाहेर येतात त्या. पोत्यातल्या अठ्ठावन्न पिनांवर तसे ओरखडे होते. चार पिना कोऱ्या होत्या. चाचांची जास्तीच्या पिनांची पेटी कोणाला तरी बसायला हवी होती, तर त्याने ती पोत्यात रिकामी केली होती. पेटी मला दिसत होती. तिच्यावर एक जण बसून भात खात होता. मी त्या चार पिना हातात धरल्या. गुळगुळीत होत्या. पुन्हा पोत्यात टाकल्या.

चाचा रुमालाला हात पुसत आले. “देखे?”

“देखी,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदावर आपली सही केली, उर्दूत. शेजारी मी माझी केली.

दीड महिन्याने लाइन पूर्ण तापमानावर चालायला लागली. एकोणतीस ठिकाणी काटे सरकले असतील. डक्टमागे पाइपला सरकायला जागा मिळाली नाही, आणि खाली पंपाजवळचा जोड उघडला. सकाळची पाळी होती. त्या पाळीचा ऑपरेटर तिथून चालत चालला होता. वाफ दिसत नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पांढरं दिसतं ते नंतरचं. त्याने चेहरा वाचवायला उजवा हात वर केला.

तो वाचला. हात राहिला, पण मूठ वळत नाही, असं नंतर कळलं. त्याचं नाव मला माहीत आहे. इथे लिहीत नाही.

बातमी आली त्या दिवशी मी घरी जाऊन जेवायला बसले.

“भात थंड होऊ लागला,” आई म्हणाली. “काय झालं?”

“काही नाही.”

“हापिसात कोन काय बोललं?”

“कोणी नाही बोललं, आई. नक्को विचारू.”

तिने विचारलं नाही. आमच्या घरात विचारत नाहीत. याचा मला फार उपयोग झालाय.

डक्टमागच्या पिना गॅसने कापून काढाव्या लागल्या, इतक्या त्या आवळल्या होत्या. डक्टमागे पाठवलेला तिथला माणूस सहीच्या दिवशी जेवणानंतर काढू म्हणून खाली आला होता आणि त्याला कोणी दुसऱ्या कामाला लावलं. त्याला विचारायलाही कोणी गेलं नाही, कारण सगळ्या पिना निघाल्याचा कागद आमच्या कंपनीचा होता, दोन सह्यांचा. रसायन कारखान्याला लेखी उत्तर हवं होतं: चूक कोणाची, आणि त्या माणसाचं तुम्ही काय केलं.

मी घरी इंग्रजीत दोन पानं लिहिली. चढले नाही, पाहिलं नाही, चार पिना कोऱ्या होत्या ते दिसलं होतं. पानं घडी करून पर्समध्ये ठेवली. रोज मेट्रोत पर्स मांडीवर घेऊन बसायचे. मलकपेठ स्टेशनला चाचा पुढच्या डब्यात चढताना दिसायचे. आठवडा गेला.

मग साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. तेलुगू आणि इंग्रजी मिसळून बोलतात, मी इथे मराठीत लिहिते आहे. केबिनमध्ये चाचा बसले होते, खुर्चीच्या कडेवर. साहेबांनी एक कागद माझ्याकडे सरकवला.

“अम्मा, हा इंग्रजीत आहे. याला याच्या भाषेत वाचून दाखव. नंतर म्हणायला नको की काय लिहिलंय ते कळलं नाही.”

मी वाचलं. एकेक वाक्य आधी मनात इंग्रजीत, मग तोंडाने दख्खनीत. एकतीस स्प्रिंगांच्या पिना काढण्याचं काम फिटरकडे, म्हणजे चाचांकडे, होतं. डक्टमागच्या दोन आपण स्वतः पाहिल्या असं फिटर सांगतो. पाहताना नजरचूक झाली असावी असं तो मान्य करतो. मोजणीत जास्तीच्या पिना मिसळल्या. त्या पिना फिटरने परवानगीशिवाय पाठवल्या होत्या. इंजिनिअरने फिटरच्या शब्दावर आणि मोजणीवर विश्वास ठेवून सही केली. फिटरला कामावरून कमी करण्यात येत आहे.

“मैं देखा था, मेरेसे छूट गए,” असं चाचांनी आदल्या दिवशीच साहेबांना सांगितलं होतं. मला ते त्या कागदातून कळलं.

“ठीक है?” साहेबांनी त्यांना विचारलं.

“ठीक है साब.”

साहेब त्यांच्याशी हळू बोलले, जवळजवळ प्रेमाने. सहा महिने घरी बस. तिकडचे लोक विसरले की बेंचवर परत ये. तुझ्यासारखा काटा बसवणारा माझ्याकडे दुसरा नाही. माणूस विसरतो, मी समजतो.

चाचांनी पेन घेतलं आणि उजवीकडून डावीकडे सही केली. तेव्हा मी बोलले. आधीच्या सात दिवसांत, किंवा सहीच्या आधी एक मिनिट, बोलता आलं असतं. नंतर बोलले.

“सर, त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला सांगितलं होतं, मी नाही पाहिलं, तू पाहा. मी म्हणाले, पाहिल्या. मी वरच्या मजल्यावर गेलेच नाही.”

पंख्याचा आवाज येत होता. साहेब माझ्याकडे बघत नव्हते, चाचांकडे बघत होते.

“मग काल तू मला खोटं सांगितलंस?”

चाचांनी पेन टेबलावर ठेवलं.

“आणि आत्ता खोट्यावर सही केलीस. माझ्यासमोर.”

“साब, बच्ची है. एक की नौकरी तो जाने वाली थी च. मैं सोचा—”

“तू का सोचलंस?” साहेब म्हणाले. “विसरणाऱ्या माणसाला मी परत घेईन. खोटं लिहून देणाऱ्याला बेंचवर कसा बसवू? उद्या काटा कुठे आहे ते तू सांगशील आणि मी कसं मानू?”

मी पर्स उघडली. पानं काढली. साहेबांनी हात वर केला, ट्रॅफिक थांबवतात तसा. “ते आत ठेव अम्मा. हा कागद झालाय, हा असाच जाईल. तुझं वय काय? उगीच नाव खराब होईल.”

म्हणजे ज्या खोट्यासाठी त्यांनी चाचांना कायमचं काढलं, तेच खोटं त्याच दुपारी कंपनीच्या लेटरहेडवर कारखान्याकडे गेलं.

बाहेर पायऱ्यांवर मी चाचांच्या मागे गेले. ते कठडा धरून एकेक पायरी उतरत होते.

“चाचा, सॉरी.”

“बोलना था तो उस दिन बोलते. नीचे खड़े होके बोलते, डर लगरा, नहीं चढ़ती. मैं घुटना घसीट के जाता.” पुढची पायरी उतरून ते थांबले. “आज बोल के क्या दिए मेरेकू? भूल गया था, अब झूठा बी हो गया.”

मग ते बेंचपाशी गेले, खुंटीवरचा जेवणाचा डबा घेतला, आणि गेले.

त्यानंतर कंपनीत एक नवीन सूचना निघाली. पेटीत यादीपेक्षा जास्त पिना पाठवू नयेत. ती टाइप करायला माझ्याकडेच आली. या सगळ्यातून आम्ही जे शिकलो ते एवढंच. बेंचवर दुसरा माणूस आला. चांगला आहे, मोबाइलवर हळू आवाजात गाणी लावतो. मला कोणी काही म्हटलं नाही. साइटवर जाणं बंद झालं, पगारवाढ वेळेवर झाली. चार महिने मी ड्रॉइंग काढली. आमच्या टेबलाशी पुण्याहून आलेली एक मुलगी बसते. एकदा मला म्हणाली, तू किती शांत असतेस गं, मला हेवा वाटतो.

ती दोन पानं मी फोनवर पुन्हा टाइप केली. पत्ता घातला कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरचा, खाली साहेबांचा. पाठवली नाहीत. कारण एकच नव्हतं, आणि मला माझ्या कारणांवर आता फारसा विश्वास नाही. पण एक खरं होतं: ती पानं गेली की चाचांनी खोटी सही केली हे कारखान्यालाही कळणार. मागच्या वेळी मी त्यांना न विचारता बोलले होते. यावेळी विचारायचं ठरवलं.

एका शनिवारी दुपारी मी मलकपेठला उतरले. विचारत विचारत गेले. ते पुतण्याच्या गॅरेजमध्ये बसले होते, रिक्षाचा शॉकअब्सॉर्बर दोन पायांत धरून. मला पाहून त्यांनी हातातलं काम सोडलं नाही. पाटाकडे मानेने खूण केली. मी बसले.

“चाय?”

“नको चाचा. एक कागद वाचायचाय.”

“अब कौनसा?” ते म्हणाले. “तुम कागद लेके आए की मेरी नौकरी जाती. अब तो है बी नहीं.”

मी फोन काढला आणि वाचलं. पुन्हा तसंच, इंग्रजी मनात आणि दख्खनी तोंडाने, फक्त यावेळी कागद माझा होता. शिडी, डबे उघडून बसलेली माणसं, चार कोऱ्या पिना, माझं “देखी”. कोऱ्या पिनांचं वाचलं तेव्हा त्यांचा हात थांबला. ते त्यांना माहीत नव्हतं. केबिनमध्ये मी तेवढं बोलले नव्हते.

“हात में लेके देखे तुम?”

“हौ.”

“मालूम था मेरे च है?”

“हौ.”

पुतण्या रिक्षा सुरू करून बघत होता, धूर आमच्याकडे येत होता.

“वो आदमी का हात?”

“मूठ वळत नाही. बंद नहीं होती.”

त्यांनी आपली मूठ वळली, उघडली, ग्रीस पुसलं. मी विचारलं, “भेजूं क्या, चाचा? यात तुमच्या सहीचंही आहे.”

“मेरेसे मत पूछो,” ते म्हणाले. आवाज चढला नाही. “मैं हौ बोला तो फिर मेरे च ऊपर आया. नक्को बोला तो बी मेरे च ऊपर. तुम इंजिनियर है ना? देखना तुम्हारा काम था.” आणि शॉकअब्सॉर्बरवर वाकले. निघताना मी खुदा हाफिज म्हटलं. त्यांनी मान हलवली असावी.

स्टेशनवर मी तीन गाड्या सोडल्या. पानं सुरुवातीपासून वाचली, सावकाश, एकेक ओळ. एका ठिकाणी लिहिलं होतं, त्या चार पिना जास्तीच्या आहेत हे माझ्या लक्षात आलं नाही. ते काढून टाकलं आणि लिहिलं, माझ्या लक्षात आलं होतं. मग पाठवलं.

चौथी गाडी येत होती तेव्हा फोन वाजला. साहेबांचं नाव. शनिवारीही ते मेल बघतात हे मला माहीत होतं. मी गाडीत चढले नाही. फोन उचलला.

“अम्मा,” ते म्हणाले, “काय पाठवलंयस ते नीट पाहिलंस का तू?”

“पाहिलं,” मी म्हणाले.